मोटरहोमचा बेल्ट पुन्हापुन्हा का जातो? नवा चढवण्याआधी हे तपासा

इंजिनाच्या ताकदीवर अल्टरनेटर (वीज तयार करणारं यंत्र), वॉटर पंप आणि एसी फिरवणारा बेल्ट तुटला, नवा घातला, गाडी चालू झाली. काही महिने गेले आणि पुन्हा तीच किंचाळी, तोच काळा भुगा, नाहीतर थेट इंजिनाच्या खणात पडलेल्या चिंध्या. डिझेल मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, चालवणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे आणि तिच्यावर बहुतेक जण एकच उपाय करतात: पुढच्या वेळी आणखी चांगल्या कंपनीचा बेल्ट. माझं म्हणणं असं, की दुसऱ्यांदा बेल्ट गेला की बेल्टवरचा संशय काढून घ्यावा. आजचा रिबवाला (लांबीच्या दिशेनं उंचवटे असलेला) बेल्ट सरळ रेषेत, नीट ताणात आणि कोरडा चालला तर वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. तो अकाली गेला असेल, तर त्याच्या वाटेवरच्या कुठल्या तरी पुलीनं त्याला खाल्लेलं असतं. ती पुली सापडेपर्यंत नवा बेल्ट चढवणं म्हणजे तिला पुढचा घास देणं.

मोटरहोममध्ये हा शोध टाळला जातो त्याला कारण आहे. मागे इंजिन असलेल्या गाडीत बेल्टपर्यंत पोचायचं म्हणजे गादी उचला, पलंगाखालचं झाकण काढा, चांदीच्या रंगाचं इन्सुलेशन बाजूला करा आणि पालथं पडून हात खाली घाला. एवढं करून जुना बेल्ट निघाला की माणसाला नवा चढवून मोकळं व्हायची घाई होते. पण बेल्ट उतरलेला असतो तेवढाच वेळ प्रत्येक पुली सुटी फिरवून बघता येते. ती संधी सोडू नका.

बेल्ट अजून शाबूत असेल तर आधी ऐका

आवाज दोन जातीचे असतात. चिवचिव म्हणजे तुटक, तालात येणारा, आयडलवर (गाडी उभी, इंजिन मंद चालू) जास्त ऐकू येणारा आणि वेग वाढवला की इंजिनाच्या आवाजात बुडून जाणारा. थंड, दमट सकाळी तो हमखास येतो. किंचाळी म्हणजे सलग, कर्कश. एसी चालू केला, सुरुवातीला अल्टरनेटर भरभरून चार्ज करायला लागला किंवा एकदम ॲक्सिलरेटर दिला की येणारी. चिवचिव बहुधा पुल्या रेषेत नसल्याची खूण असते, किंचाळी बेल्ट घसरत असल्याची.

खात्री पाण्यानं करता येते. लांब नळीच्या बाटलीतून आयडलवर चालणाऱ्या बेल्टच्या रिबच्या बाजूला थोडं साधं पाणी मारा. आवाज काही क्षण थांबून परत आला तर अलाइनमेंट, म्हणजे पुल्यांची रेषा, बघा. आवाज वाढला तर ताण कमी आहे. काहीच फरक पडला नाही तर बेअरिंगवर संशय घ्या. मात्र मागे रेडिएटर असलेल्या गाडीत फॅन तिथेच, हाताच्या अंतरावर फिरत असतो. सैल बाह्या, ओढणी, मोकळे केस, गळ्यातली साखळी यांतलं काहीही घेऊन त्या झाकणावर वाकू नका. पाणी मारायला नीट, सुरक्षित जागा नसेल तर ही चाचणी सोडून द्या. बाकीच्या तपासणीतून उत्तर मिळतंच.

बेल्टवर मारायचा चिकट स्प्रे मिळतो, त्याच्या नादी लागू नका. आवाज तात्पुरता जातो, पण त्या चिकट थरावर धूळ बसते आणि खाचांत तिचा लेप तयार होतो. वर पुढच्या तपासणीत खरं कारण झाकलं जातं.

गाडी निर्धोक करणं

मोटरहोममध्ये वीज एका वाटेनं येत नाही, म्हणून चावी काढली एवढ्यावर भागत नाही. मागच्या इंजिनाच्या बऱ्याच गाड्यांत इंजिनाजवळ स्टार्टचं वेगळं बटण असतं आणि पुढून की मागून हे ठरवणारा स्विच असतो; तो बंद ठेवा. जनरेटर आपोआप सुरू होण्याची सोय असेल तर ती बंद करा, कारण बॅटरी उतरली की तो कुणाला विचारत नाही. मग आधी सोलर पॅनेलचं कनेक्शन काढा, नंतर इंजिनाच्या बॅटरीची आणि घराच्या (राहायच्या भागाला वीज देणाऱ्या) बॅटरीची, दोन्हींची निगेटिव्ह केबल काढा. अल्टरनेटरची जाड केबल चावी बंद असतानाही जिवंत असते. पाना एकाच वेळी तिला आणि इंजिनाच्या लोखंडाला टेकला तर पाना तिथेच चिकटून लाल होतो.

खालून काम करायचं असेल तर चॅसिसखाली पक्क्या घोड्या (स्टँड) हव्यातच. एअर सस्पेन्शनमधली हवा गेली की गाडी खाली बसते आणि खालच्या माणसाला जागा उरत नाही. गाडी समतल करायचे जॅक घोड्यांच्या जागी धरू नका.

जुना बेल्ट वाचा

उतरवण्याआधी बेल्टच्या पाठीवर खडूनं फिरण्याच्या दिशेचा बाण काढा आणि इंजिनाकडची कड कोणती त्याची खूण करा. हे केलं नाही तर पुढचं अर्धं निदान हातचं जातं. बेल्टची वाट दाखवणारा फोटोही आत्ताच काढून ठेवा. मॅन्युअल बघताना एक गोष्ट ध्यानात असू द्या: मागच्या इंजिनाच्या गाडीत इंजिनाचं तोंड म्हणजे गाडीची शेपूट. मॅन्युअलमधली डावी-उजवी इंजिनाची असते, ड्रायव्हरची नव्हे, आणि त्यापायी भलत्याच बोल्टला हात लागतो.

आता बेल्ट उजेडात न्या, हलकेच उलटा वळवा आणि बोटांनी पूर्ण फेरी मारा.

एकाच कडेचे धागे सुटले असतील किंवा कड तासल्यासारखी झाली असेल, तर पुल्या रेषेत नाहीत. तुम्ही केलेली खूण सांगेल की बेल्ट इंजिनाकडे ओढला जात होता की बाहेर. रिबच्या बाजू काचेसारख्या चकाकत असतील, कडक झाल्या असतील, तर बेल्ट घसरून भाजलेला आहे: ताण कमी, पुली झिजलेली किंवा एखादं यंत्र जड फिरतंय. खाचांत रबराच्या गुठळ्या बसलेल्या असतील तर घसरणं आणि वाकडं चालणं ही दोन्ही कारणं तपासा. रिबचे तुकडे निघाले असतील तर बेल्ट आतून तापून गेला आहे. पाठीकडची बाजू चकचकीत किंवा जळकी असेल तर नजर थेट गुळगुळीत आयडलरकडे, म्हणजे बेल्टला नुसती वाट दाखवणाऱ्या पुलीकडे, वळवा. तो अडकतो आहे. बेल्ट एका जागी स्वच्छ, कापल्यासारखा तुटला असेल तर दोन शक्यता: कशाचा तरी जबर हिसका बसला, किंवा बसवण्याआधीच तो कुठे तरी दुमडला गेला होता आणि आतले दोर तिथे मोडले होते.

चिरांबद्दल बराच गैरसमज आहे. जुने निओप्रीनचे बेल्ट म्हातारे झाले की त्यांना चिरा पडत, म्हणून चिरा बघायची सवय सगळ्यांना लागली. आताचे ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे बेल्ट सहसा चिरत नाहीत. ते टायरसारखे झिजतात. चीर एकही नाही आणि तरी बेल्ट संपलेला, असं सर्रास होतं. रिबमधली खाच रुंद होते, बेल्ट पुलीत खोल बसतो, घसरतो. हे डोळ्यांना दिसत नाही. खाचेत धरून बघायचं छोटं प्लॅस्टिकचं मापक मिळतं, ते वापरा. उलट बाजूनं, कमिन्स या डिझेल इंजिन बनवणाऱ्या कंपनीच्या मॅन्युअलांत रिबना आडव्या गेलेल्या बारीक चिरा चालतील असं म्हटलेलं असतं. रिबच्या दिशेनं जाऊन त्या आडव्या चिरांना छेदणाऱ्या चिरा मात्र चालत नाहीत, आणि तुकडा निघालेला किंवा धागे सुटलेला बेल्ट तर नाहीच. म्हणजे चीर दिसली की बेल्ट गेला हेही खरं नाही, आणि चीर नाही म्हणजे बेल्ट चांगला हेही खरं नाही.

बेल्ट उतरल्यावर प्रत्येक पुली हातानं

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या.

आयडलरपासून सुरुवात करा. तो बोटानं फिरवा आणि सोडा. चांगल्या बेअरिंगमध्ये ग्रीसचा मऊ विरोध जाणवतो आणि पुली फेरी-दोन फेऱ्यांत शांतपणे थांबते. पुली भिरभिर फिरत राहिली तर पुष्कळ जणांना बरं वाटतं, पण तिच्यातलं ग्रीस संपलेलं असतं. कान जवळ नेला तर कोरडी खरखर ऐकू येते. सावकाश फिरवताना बोटाला वाळूचे कण लागल्यासारखं वाटलं तरी बेअरिंग गेलंच समजा. मग पुली दोन्ही कडांना धरून हलवा. जराही प्ले (ढिलेपणा) नको. गुळगुळीत पुलीच्या पृष्ठभागावर नखानं आडवी रेघ ओढून बघा. कडेला उंचवटा लागला तर बेल्टनं मधला भाग खाल्ला आहे आणि पुली बदलायला झाली आहे.

असंच वॉटर पंप, फॅन हब, अल्टरनेटर आणि एसी कंप्रेसरचं. वॉटर पंपाच्या खाली एक छोटं भोक असतं. तिथून सुकलेल्या कूलंटचा ओघळ दिसला तर पंपाचं सील चाललं आहे. तो पंप आज फिरतोय, पण त्याचं कूलंट बेल्टवर उडतंय. एसीची पुली क्लच सुटलेला असताना मोकळी फिरली पाहिजे. ती जड असेल तर एसी बंद ठेवूनही बेल्टवर बोजा पडतच असतो, आणि ती एक दिवस अडकली की बेल्ट क्षणात जातो.

अल्टरनेटरच्या पुलीवर विशेष लक्ष द्या. डिझेल इंजिन क्रँकला, म्हणजे आपल्या मुख्य फिरत्या दांड्याला, सारखे झटके देतं. अल्टरनेटरची पुली लहान असल्यामुळे त्याचा जड रोटर (आतला फिरता भाग) क्रँकच्या कितीतरी पट वेगानं फिरत असतो, आणि प्रत्येक झटक्याला त्याला वेग कमी-जास्त करायला लागतो. ते धक्के गिळायला काही अल्टरनेटरांवर एकाच दिशेनं पकडणारी किंवा आत स्प्रिंग असलेली पुली बसवलेली असते. रोटर धरून ठेवला तर अशी पुली एका दिशेला मोकळी सुटते. दुसऱ्या दिशेला एकदम पकडते किंवा स्प्रिंगसारखी दबते. दोन्ही दिशांना ती घट्ट असेल तर आतून जाम आहे. अशी जाम पुली बेल्ट फडफडवते आणि बेल्टला ताणून धरणारा टेन्शनर खराब करते. टेन्शनर बदलूनही त्रास थांबत नाही अशा बऱ्याच गाड्यांत दोषी हीच निघते. मात्र बदलताना कुठल्या प्रकारची पुली मूळची होती ते बघा. साध्या पुलीच्या अल्टरनेटरला स्प्रिंगची किंवा उलट असं लावू नका.

टेन्शनर हा दुसरा संशयित. त्याची स्प्रिंग ताण देते आणि आतलं घर्षण हिसके शोषतं. स्प्रिंग शाबूत राहून नुसतं घर्षण संपलं तर टेन्शनर वरवर ठीक दिसतो, आणि बेल्ट मात्र खराब होत राहतो. इंजिन चालू असताना, बेल्ट काढण्याआधी, लांबून टॉर्चच्या उजेडात त्याचा हात बघितलेला असावा: बारीक थरथर चालते, मोठे हेलकावे चालत नाहीत. बेल्ट उतरल्यावर तो रॉडनं पूर्ण फिरवून सावकाश सोडा. मध्ये अडकला, खरखरला किंवा झटक्यानं परत आला तर बदला. बेल्ट त्याच्या पुलीच्या मधोमध चालत होता की कडेला, तेही बघा. कडेला असेल तर हाताचं बुश झिजून तो तिरपा झाला आहे. माझा नियम असा की बेल्ट दुसऱ्यांदा अकाली गेला आणि टेन्शनर मूळचाच असेल, तर संशयाचा फायदा टेन्शनरला द्यायचा नाही. तो बदलायचाच.

क्रँकची पुली माणसं सोडून देतात, कारण ती अवजड आणि भक्कम दिसते. तिच्यातल्या रबरी डॅम्परमध्ये (झटके शोषणाऱ्या भागात) आतला गाभा आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये रबराचा थर असतो. ते रबर सुटलं की कडं सरकतं किंवा वाकडं फिरतं, आणि बाकी सगळ्या पुल्या सरळ असूनही बेल्ट डुलतो. पुष्कळ कमिन्स इंजिनांच्या रबरी डॅम्परवर गाभ्यावर आणि कड्यावर समोरासमोर खुणा असतात. त्या सुमारे १.६ मिमीपेक्षा जास्त सरकल्या असतील तर डॅम्पर बदलायचा. खुणा नसतील तर रंगाची एक रेघ दोन्हींवरून ओढून ठेवा आणि पुढच्या तपासणीत ती तुटली आहे का बघा. रबर फुगून बाहेर आलं असेल तर वाट बघू नका.

आता रेषा. लोखंडी पट्टी पुल्यांच्या कडांवर ठेवून मोजू नका, कारण कडांची जाडी पुलीगणिक वेगळी असते. बारीक, सरळ, गोल सळई एका पुलीच्या खाचेत धरा आणि दुसरीच्या त्याच नंबरच्या खाचेकडे न्या. ३०० मिमी अंतरात दीड मिमीच्या वर फरक निघाला तर मी ती जोडी तशी सोडत नाही. नव्यानं बसवलेला अल्टरनेटर, चुकीच्या जाडीचा वॉशर, पूर्ण आत न दाबलेली पुली ही इथली नेहमीची कारणं. बेल्टचा त्रास कुठलं तरी यंत्र बदलल्यानंतर सुरू झाला असेल तर पहिली सळई तिथेच लावा.

शेवटी खाचा. गंज आणि रबराच्या गुठळ्या ब्रशनं आणि लाकडी काडीनं काढा. मोटरहोम महिनोन् महिने उभी राहते, दमट हवेत पुल्यांवर गंज चढतो, आणि पहिल्याच सफरीत तो गंज सॅंडपेपरसारखा नव्या बेल्टची रिब तासतो. उभ्या गाडीत उंदीरही बेल्ट कुरतडतात. कडेला दातांच्या खुणा दिसल्या तर उगाच पुल्यांना दोष देऊ नका.

घराच्या बॅटऱ्यांचा बोजा

गाडी अनेक वर्षं बिनतक्रार चालली, मग लिथियम बॅटऱ्या बसवल्या आणि बेल्ट जायला लागले: ही गोष्ट ओळखीची वाटत असेल तर पुल्या तपासूनही हा भाग वाचा. लेड ॲसिड बॅटरी भरत आली की स्वतःच कमी करंट घेते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी जवळजवळ शेवटपर्यंत मिळेल तेवढा करंट ओढत राहते. म्हणजे एरवी थोडा वेळ पूर्ण ताकदीनं चालणारा अल्टरनेटर आता तासन् तास त्याच ताकदीनं चालतो.

हिशोब करून बघा. १४ व्होल्टला २०० अँपिअर म्हणजे २८०० वॅट. अल्टरनेटर घेतलेल्या ताकदीतली साधारण निम्म्याहून थोडी जास्तच विजेत बदलतो, बाकीची उष्णता होते. त्यामुळे बेल्टवरून जवळपास ५ किलोवॅट, म्हणजे साडेसहा अश्वशक्तीच्या आसपास, त्या एवढ्याशा पुलीवर उतरतात. बेल्ट तिच्याभोवती जेमतेम अर्धा वेढा घालतो. तिथे घसरण झाली की उष्णता, आणि उष्णता म्हणजे रबराचं आयुष्य कमी: बेल्टच्या धंद्यात ढोबळ हिशोब असा की तापमान १० अंश सेल्सिअसनं वाढलं की आयुष्य निम्मं.

अशा वेळी जास्त मजबूत बेल्ट शोधण्यापेक्षा करंट आवरा. अल्टरनेटर आणि घराच्या बॅटरीमध्ये डीसी टू डीसी चार्जर बसवला की तो ठरावीक अँपिअरच्या वर जाऊ देत नाही. नाहीतर अल्टरनेटरचं तापमान बघून आउटपुट कमी करणारा बाहेरचा रेग्युलेटर लावा. करंट क्लॅम्पनं (केबलभोवती अडकवून करंट मोजायच्या साधनानं) एकदा मोजून बघा. आकडा अल्टरनेटरच्या कमाल क्षमतेला टेकून तासभर हलत नसेल तर निदान झालं.

तेल, कूलंट आणि रस्त्याची धूळ

मागे रेडिएटर असलेल्या डिझेल गाड्यांचं एक जुनं दुखणं आहे. क्रँककेसमधली (क्रँकभोवतीच्या कवचातली) तेलकट वाफ बाहेर सोडणारी नळी फॅनच्या ओढीत येईल अशी संपते. फॅन ती वाफ, आणि मागच्या चाकांनी उडवलेली धूळ, दोन्ही ओढून घेतो. रेडिएटरवर चिकट गोधडी तयार होते, इंजिन तापतं, आणि त्याच वाटेत असलेला बेल्टही तेलकट होतो. तेलानं रबर फुगतं, मऊ पडतं, रिब सुटतात. बेल्ट हाताला ओशट लागला तर आधी त्या नळीचं तोंड शोधा. ती लांब करून फॅनच्या प्रवाहाबाहेर, खाली नेली की पुष्कळ गाड्यांत फरक पडतो. नळी कुठे दबू नये आणि तिच्यात पाणी साचेल असा खोलगट वळसा राहू नये. ती तुंबली तर क्रँककेसमध्ये दाब वाढून सीलं गळायला लागतील.

नळी ठीक असेल तर क्रँकचं पुढचं सील आणि वॉटर पंप बघा. तेलानं भिजलेला बेल्ट धुऊन वापरू नका. आणि पलंगाखालच्या झाकणाचं इन्सुलेशन सुटून लोंबत असेल तर ते आत्ताच नीट बांधा. त्याचा एक तुकडा बेल्टखाली गेला तरी बेल्ट खाचांतून बाहेर पडतो.

चढवताना

बेल्टवरचा नंबर वाचता आला पाहिजे. ८ पीके १४२० म्हणजे ८ रिब, पीके हा आडव्या छेदाचा आकार आणि १४२० मिमी लांबी. पीके आकारात दोन रिबमधलं अंतर ३.५६ मिमी असतं, म्हणजे ८ रिबचा बेल्ट सुमारे साडेअठ्ठावीस मिमी रुंद. नंबर पुसला गेला असेल तर जुना बेल्ट मोजून नवा आणू नका, तो ताणलेला आणि झिजलेला आहे. इंजिनाच्या नंबरवरून आणा, आणि मोटरहोममध्ये मोठा अल्टरनेटर किंवा वेगळा कंप्रेसर बसवलेला असेल तर चॅसिस बनवणाऱ्याच्या यादीवरून. त्याच इंजिनाच्या ट्रकचा बेल्ट तुमच्या गाडीला बसेलच असं नाही.

फॅन मध्ये असेल तर बेल्ट पात्यांवरून एकेक करत, श्राउडच्या (फॅनभोवतीच्या आवरणाच्या) फटीतून आत न्यावा लागतो. घाई करून तो पिळू नका, कडक वळवू नका. दोर मोडतात आणि ते बाहेरून दिसत नाही. रिबची बाजू खाचांच्या पुल्यांवर, पाठ गुळगुळीत पुल्यांवर. सगळ्या पुल्यांवरून नेऊन शेवटची एखादी गुळगुळीत पुली मोकळी ठेवा. टेन्शनरच्या चौकोनी खाचेत रॉड घाला, तो कुठल्या दिशेनं फिरतो ते मॅन्युअलात बघूनच जोर लावा, आणि बेल्ट सरकवा. स्क्रूड्रायव्हरनं पुलीवरून बेल्ट ओढून चढवू नका.

मग प्रत्येक पुलीच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवा, जी दिसत नाही तिच्यावरूनही. बेल्ट एका खाचेनं सरकून बसणं ही बसवतानाची सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे, आणि पलंगाखालून वरून बघताना ती दिसत नाही, फक्त बोटाला कळते. टेन्शनरवरचा काटा दोन खुणांच्या मध्ये आला पाहिजे. नव्या बेल्टवरच तो टोकाला टेकत असेल तर लांबी चुकली आहे.

एसीला किंवा जादा अल्टरनेटरला वेगळे व्ही बेल्ट (आडव्या छेदात व्ही आकाराचे) असतील तर त्यांचं शास्त्र जुनं आहे. जोडी असेल तर दोन्ही एकदम बदला. पुल्यांमधल्या दर १०० मिमी मोकळ्या अंतराला दीड मिमीच्या आसपास दबेल एवढा ताण द्या, म्हणजे ४०० मिमीला साधारण ६ मिमी. काही मिनिटं चालवून, इंजिन बंद करून पुन्हा ताणा, कारण नवा व्ही बेल्ट खाचेत बसल्यावर सैल पडतो. खाचेचा तळ चकाकत असेल तर पुली झिजून बेल्ट तळाला टेकतो आहे. मग कितीही ताणलात तरी तो घसरणारच. आणि आवाज जाईपर्यंत ताणत राहू नका, त्याची किंमत अल्टरनेटरचं आणि वॉटर पंपाचं बेअरिंग देतं.

इंजिन सुरू केल्यावर काही मिनिटांनी बंद करून बेल्टची जागा पुन्हा बघा. पहिल्या मोठ्या टप्प्यानंतर इन्फ्रारेड थर्मामीटरनं प्रत्येक आयडलरच्या मध्याचं तापमान घ्या. शेजारच्यांपेक्षा एखादा बराच गरम निघाला तर तोच पुढचा.

रस्त्यात तुटला तर

चार्जिंगचा दिवा लागला आणि तापमानाचा काटा चढायला लागला की जागा मिळताच थांबा आणि इंजिन बंद करा. वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर पुढच्या वळणापर्यंत जाण्याचा हिशोब करू नका. मागच्या मोठ्या कमिन्स इंजिनांत हवेच्या ब्रेकचा कंप्रेसर गिअरवर चालतो, त्यामुळे बेल्ट तुटल्याबरोबर ब्रेक जात नाहीत. व्हॅनवर बांधलेल्या काही मोटरहोममध्ये पॉवर स्टीअरिंगचा पंप मात्र बेल्टवर असतो आणि स्टीअरिंग अचानक जड होतं. सुटा बेल्ट जवळ ठेवायचा तर तो मोठ्या गोल वेढ्यात, उन्हापासून आणि डिझेलपासून दूर, वर काही न ठेवता.

व्हॅनच्या इंजिनांबद्दल आणखी एक. कमिन्सच्या आयएसबी, आयएससी, आयएसएलसारख्या इंजिनांत कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) गिअरवर फिरते, टायमिंग बेल्ट नाहीच. फियाट ड्युकाटो व्हॅनच्या २.३ लिटर डिझेलमध्ये आणि फोर्ड ट्रान्झिट व्हॅनच्या बऱ्याच २.० इकोब्लू डिझेलमध्ये तो आहे. तुटलेल्या बाहेरच्या बेल्टचे धागे काही व्हॅन-इंजिनांत क्रँकच्या पुलीमागून टायमिंगच्या कव्हरमध्ये ओढले जातात. तेव्हा चिंध्या झालेला बेल्ट बदलताना सगळे तुकडे मोजून बाहेर आले का बघा, आणि शंका असेल तर कव्हर उघडल्याशिवाय स्टार्टर मारू नका.

सगळं ठीक दिसतं, तरी बेल्ट जातोच

उभ्या गाडीत सगळ्या पुल्या रेषेत आणि चालत्या गाडीत नाहीत, असंही होतं. बोजा आला की अल्टरनेटर किंवा कंप्रेसर आपल्या ब्रॅकेटसकट ओढला जातो, आणि बोल्ट सैल किंवा ब्रॅकेट चिरलेलं असेल तर पुली तिरपी होते. सळई लावून हे सापडत नाही. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर उतरणारी रंगाची बारीक रेघ काढा आणि एक मोठी सफर करून या. रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट हलतोय. ब्रॅकेटच्या कोपऱ्यात रंगाखालून गंजाची केसासारखी रेघ दिसली तर ती चीर आहे. अल्टरनेटरच्या माउंटिंगची बुशं लंबगोल झाली आहेत का तेही बोल्ट काढून बघा, नुसतं हलवून कळत नाही. चिरलेलं ब्रॅकेट वेल्ड करून परत लावू नका. वेल्डिंगच्या उष्णतेनं ते थोडं वाकतं आणि पुली पुन्हा रेषेबाहेर जाते. नवं बसवा, बोल्ट ठरलेल्या टॉर्कनं आवळा, आणि बेल्ट चढवण्याआधी सळई खाचांत धरून परत एकदा बघा.